साडेसातशेचं फवारणी किट: अंगावर काय राहिलं, खुंटीवर काय गेलं

नागपुरात कॉटन मार्केटच्या आजूबाजूला बियाणं-औषधांची दुकानं आहेत, त्यांपैकी एकातून मी हे किट घेतलं. किंमत साडेसातशे. पाकिटात कोट-पँट, टोपी, गॉगल, मास्क आणि हातमोजे. बूट नाहीत. पाकिटावरच्या फोटोत एक माणूस हे सगळं चढवून फवारतो आहे. त्याच्यासमोरचं पीक गुडघ्याएवढं, आभाळ भरलेलं आणि कोटाला घामाचा एक डाग नाही. आमच्याकडे पऱ्हाटी (कपाशी) छातीला लागते तेव्हा खरी फवारणी सुरू होते, आणि पोळ्यानंतरचं ऊन दोन सरींच्या मधे असं निघतं की ओल्या वावरातून वाफ वर येते. म्हणून मी या किटाला एकच कसोटी लावली: सकाळी चढवलेलं अकरा वाजता अंगावर असतं का?

आमची जमीन हिंगणा तालुक्यात, चार एकर. तीन एकर पऱ्हाटी, मधे तुरीची तासं, आणि विहिरीजवळ एकरभर संत्रा. घरचे एमआयडीसीत कंपनीत जातात, त्यामुळे वावर माझ्याकडे. फवारायला सुरेशभाऊ येतात. ते भरलेल्या दर पंपामागे मजुरी घेतात, आमच्या भागात तीच पद्धत आहे. पंपामागे मजुरी असली की माणूस थांबत नाही. हात धुवायला, मास्क सारखा करायला, सावलीत बसायला जो वेळ जातो तो त्याच्याच खिशातून जातो. औषध मोजणं, ड्रममध्ये ढवळणं, पंप भरून देणं हे माझं काम. संध्याकाळी कपडे धुणंही माझंच. म्हणजे किटाच्या फोटोत एक माणूस असला तरी औषधाशी गाठ दोघांची पडते, आणि त्यातल्या एकाचा विचार किट बनवताना कोणी केलेला दिसत नाही. कोट ‘फ्री साइझ’ आहे. तो मी घातला तर बाह्या बोटांच्या पुढे वीतभर लोंबतात.

किट घ्यावंसं का वाटलं हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. चार-चार औषधं एका पंपात मिसळून मारली जात होती, आणि नव्या बॅटरी पंपांचा फवारा इतका बारीक होता की धुक्यासारखा अंगावर येत होता, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. सरकारने चौकशी पथक नेमलं, कृषी विभागाने किटं वाटली. त्या वाटलेल्या किटांतलं एक आमच्या नात्यातल्या एकाकडे अजून आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. तेव्हाच मला वाटलं होतं की किट मिळणं आणि किट घालणं यांच्यात काहीतरी मोठं अंतर आहे.

आता वस्तू एकेक करून सांगते, पण सगळ्यांना सारखी जागा देणार नाही. तितकी त्यांची लायकी नाही.

टोपी ठीक आहे. गॉगल पाच मिनिटांत आतून धुरकट होतो. सुरेशभाऊ तो कपाळावर सरकवतात आणि मग औषधाच्या हाताने पुन्हा खाली ओढतात, म्हणजे न लावण्यापेक्षा वाईट. माझ्या कामाला मात्र तो उपयोगी पडतो, कारण मला तो फक्त बाटली फोडून औषध ढवळताना लागतो. त्याहून बरी म्हणजे कोविडच्या वेळी सगळ्यांच्या घरी आलेली चेहऱ्यापुढची पारदर्शक पट्टी. ती धुरकटत नाही, आणि ओतताना उडालेला थेंब डोळ्यातच नाही तर गालावरही येत नाही.

मास्क म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. दोन पदरी कापड, कानाला इलास्टिक. धुळीला चालेल. औषधाचा वास त्यातून सरळ येतो. वास येतो म्हणजे वाफ आत येते आहे, इतकं साधं आहे. माझे यजमान पेंटिंगच्या विभागात आहेत. त्यांच्याकडे रबरी मास्कला दोन्ही बाजूंनी डबी लावतात, त्यात कोळसा असतो. डबीवर तपकिरी पट्टा असला तर ती सेंद्रिय वाफांसाठी, पांढरा पट्टा असला तर बारीक कणांसाठी. फवारणीला दोन्ही लागतात, म्हणून दोन्ही पट्टे असलेली डबी घ्यायची. हा मास्क आम्ही वेगळा घेतला. किटापेक्षा महाग पडला, पण सुरेशभाऊंनी तो पहिल्या दिवसापासून लावला. का, तर संध्याकाळी डोकं दुखलं नाही म्हणे. दाढी वाढलेली असली तर मास्क चेहऱ्याला नीट चिकटत नाही, हेही त्यांना सांगावं लागलं नाही, तेच स्वतः दाढी करून आले. एक काळजी घ्यावी लागते: काम झालं की डब्या काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायच्या. उघड्या खुंटीवर टांगल्या तर कोळसा नुसत्या हवेनेच कामातून जातो. लावलेल्या मास्कमधून वास यायला लागला की डब्या बदलायच्या, वाट पाहायची नाही.

हातमोजे. इथे मी थांबणार आहे, कारण साडेसातशेतले निदान तीनशे वसूल झाले ते यांच्यामुळे. हिरवे, नायट्राइल नावाच्या कृत्रिम रबराचे, कोपराच्या खालपर्यंत येणारे, आतून अस्तर नसलेले. अस्तर नसणं महत्त्वाचं. सुती अस्तरात एकदा औषध शिरलं की ते धुऊन निघत नाही, आणि पुढच्या वेळी तुम्ही मोजे नाही, विषाची पिशवी हातात घालता. घरात भांड्यांसाठी मिळतात ते पातळ मोजे यासाठी चालत नाहीत, आणि दवाखान्यातले तर पंपाचं झाकण पिळताना फाटतात.

लोकांना वाटतं धोका फवारताना असतो. असतोच, पण बाटलीतलं औषध आणि पंपातलं औषध यांत फरक किती ते मोजून बघा. पंधरा लिटर पाण्यात आपण वीस-तीस मिली टाकतो. म्हणजे बाटलीतला एक थेंब हाताला लागला तर तो पंपातल्या शेकडो थेंबांइतका. आणि बाटली फोडायचं काम बहुतेक घरी बाया, म्हातारे नाहीतर शाळेतून आलेली पोरं करतात, उघड्या हाताने, काडीने ढवळत. किटातले मोजे म्हणून आमच्याकडे फवारणाऱ्याच्या नाही, माझ्या हातात गेले. सुरेशभाऊंसाठी दुसरे आणले.

मोजे कसे घालायचे हे किटातल्या चिठोऱ्यावर नव्हतं. पऱ्हाटीत नळी खाली किंवा समोर असते, तेव्हा शर्टाची बाही मोज्याच्या वर ठेवायची, म्हणजे ओघळ बाहेरून खाली जातो. संत्र्याला फवारताना हात वर असतो, ओघळ कोपराकडे येतो. तेव्हा मोजा बाहीच्या वर घ्यायचा आणि त्याची कड बाहेर दुमडून पन्हाळ करायची. काम संपलं की मोजे हातात असतानाच साबणाने धुवायचे, मग काढायचे. उलटं केलं तर मोजे काढताना सगळं बोटांना लागतं आणि त्याच बोटांनी आमच्याकडे पहिलं काम होतं ते खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी सोडायचं. खर्ऱ्याबद्दल मी सुरेशभाऊंशी भांडणं सोडलं आहे. धुऱ्यावर (बांधावर) साबण आणि पाण्याची कळशी ठेवते आणि पुडी माझ्याकडे ठेवून घेते. हात धुतलेले दिसले की पुडी मिळते. कोट पहिल्यांदा घातला तेव्हा त्यांची पहिली तक्रार काय होती माहीत आहे? “वहिनी, याले खिसाच नाई.” किटातली ही एकच गोष्ट मला विचार करून केल्यासारखी वाटली.

आता कोट-पँट. पांढरं, कागदासारखं, न विणलेलं कापड, मागे कंपनीचं नाव. सकाळी सातला सुरेशभाऊंनी चढवलं. नऊच्या सुमारास चेन पोटापर्यंत खाली आली होती. दहाच्या आत कोट धुऱ्यावरच्या बाभळीवर होता. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, “अंगात पाणी वाहून राह्यलं, वहिनी. वरून औषध, आतून घाम. मले तं कळूनच नाई राह्यलं का कायनं ओला झालो.”

त्यांचं बरोबर होतं. या औषधांपैकी बरीचशी नाकातोंडापेक्षा कातडीतून जास्त शिरतात, आणि गरम, घामेजलेल्या कातडीतून आणखी लवकर. जांघेची कातडी तर सगळ्यात नाजूक. पऱ्हाटीत माणूस स्वतःच फवारलेल्या ओल्या पानांतून पुढे जातो, त्यामुळे सगळ्यात जास्त भिजतात त्या मांड्या. मी पँटवर मांडीशी पाणी टाकून पाहिलं. थेंब नुसता ठेवला तर टिकतो, पण तळव्याने घासला की आत येतो. पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून चालणं म्हणजे घासणंच आहे. तेव्हा हा कोट अंगावर राहिला तरी जिथे हवा तिथे अडवत नाही, आणि जिथे अडवतो तिथे माणसाला शिजवतो. फोटोतल्या गुडघाभर पिकात चालत असेल.

मग आम्ही वेगळं केलं. इतवारीत टेबलावर अंथरायचं जाड प्लास्टिक मीटरवर मिळतं. त्याचा गळ्यापासून पोटरीपर्यंत येणारा, फक्त समोरून झाकणारा ॲप्रन शिवला. मागे नाडी. पाठ उघडी राहते म्हणून वारा लागतो. पण पंप गळतो तो पाठीवर, म्हणून पंपाखाली त्याच प्लास्टिकचा एक तुकडा. खरं तर आधी पंपाच्या झाकणाचा वायसर बदलायला हवा, तो पंचवीस-तीस रुपयांत येतो आणि त्यासाठी कोणी दुकानात जात नाही. आत पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, फुल पँट, पायात पावसाळी गमबूट, पँट बुटाच्या बाहेर. हा ॲप्रन सुरेशभाऊ दुपारपर्यंत काढत नाहीत. पांढऱ्या कोटाएवढा तो दिसायला रुबाबदार नाही. सुरेशभाऊंच्या मते ते त्यात सलूनवाले दिसतात.

कोट टाकून दिलेला नाही, तो संत्र्याला कामी येतो. झाडाला फवारताना औषध वरून डोक्या-खांद्यांवर पडतं, मांड्यांना पानं घासत नाहीत, आणि एकरभर झाडांचं काम ऊन चढायच्या आत आटोपतं. तिथे कोट, टोपी, दोन्ही ठीक. म्हणजे हे किट ज्यांची बाग आहे त्यांना बरं, पऱ्हाटीवाल्यांना नाही. विदर्भात पऱ्हाटीवालेच जास्त आहेत हे कंपनीला कोणीतरी सांगायला हवं.

किटातलं माहितीपत्रक इंग्रजी आणि हिंदीत. मराठी नाही. औषधाच्या बाटलीला जे पत्रक असतं ते हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या भाषेत असावं असा नियम आहे, पण किटाला तो लागत नसावा असं दिसतं. एक गोष्ट मात्र पत्रकात चित्रासकट दिली आहे, बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाची. लाल म्हणजे अति तीव्र विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक लाल त्रिकोणातलं. भाज्यांवर त्याला 2005 पासूनच मनाई होती आणि 2023 मध्ये त्याच्या 36 टक्के एस.एल.वर (पाण्यात विरघळणाऱ्या द्रवावर) केंद्राने बंदी आणली. बोंडअळीवर आता जे क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल देतात त्याला हिरवा. हिरवा म्हणजे प्यायचं सरबत नव्हे, मोजे तिथेही घालायचेच. पण दोन औषधं सारखीच लागू पडत असतील तर खालच्या रंगाचं मागायला काय हरकत आहे? मी मागते. दुकानदार पहिल्यांदा बघत राहिला.

दुकानाबद्दल. नाव देत नाही, कारण चांगलं-वाईट दोन्ही सांगायचं आहे. पक्कं बिल न मागता दिलं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत होती. काउंटरवरच्या पोराने हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा दुकानदारांसाठीचा वर्षभराचा ‘देसी’ डिप्लोमा केलेला होता, आणि कोणतं औषध कशात मिसळायचं नाही हे त्याला खरंच माहीत होतं. कीटकनाशकासाठी गोल फवाऱ्याचं नोझल आणि तणनाशकासाठी पट्टा पाडणारं वेगळं, हेही त्याने काढून दाखवलं. बुजलेलं नोझल तोंडाने फुंकू नका, जुन्या दातांच्या ब्रशने साफ करा, असं तो म्हणाला तेव्हा शेजारचे दोन गिऱ्हाईक हसले, कारण सगळेच फुंकतात. इथपर्यंत पैकीच्या पैकी. मग मालक आले आणि किटासोबत एक टॉनिक, एक चिकट द्रव्य आणि ‘सगळ्या किडींवर चालणारं’ एक मिश्रण घ्यायचा आग्रह सुरू झाला. किटाचा अर्धा फायदा तिथेच जातो. पंपात जितकी जास्त औषधं, तितकं विषबाधा झाल्यावर डॉक्टरला कशावर उपचार करायचा ते कळणं कठीण.

हे मी उगाच बोलत नाही. मोनोक्रोटोफॉससारख्या फॉस्फरसवाल्या औषधांची बाधा झाली की घाम सुटतो, लाळ गळते, मळमळतं, अंधुक दिसतं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. त्यावर ॲट्रोपिन आणि पॅम ही इंजेक्शनं आहेत. बाकीच्या बऱ्याच औषधांवर उतारा असा नाहीच, नुसती लक्षणं सांभाळायची. पॅराक्वाट या तणनाशकावर तर काहीच नाही. म्हणून पेशंटला नागपूरच्या मेडिकलला न्या नाहीतर मेयोला (दोन्ही सरकारी दवाखाने), सोबत बाटली किंवा निदान तिचं लेबल न्यायचंच. आधी ओले कपडे काढायचे, साबणाने अंग धुवायचं, ॲम्ब्युलन्ससाठी 108 ला फोन करायचा. दूध-तूप पाजत बसायचं नाही. किटात एवढं मराठीत छापलेलं एक कार्ड टाकलं असतं तर दोन रुपये खर्च आला असता.

आणखी एक वस्तू टाकायला हवी होती, मोजायचं भांडं. लेबलवर मात्रा बहुतेक हेक्टरी दिलेली असते, पंप पंधरा-सोळा लिटरचे आणि माप बाटलीच्या झाकणाचं. या हिशेबात औषध नेहमी जास्तच पडतं, कमी कधी पडत नाही.

आणि फवारण्याच कमी झाल्या तर या सगळ्या कपड्यांचा जाच कमी होतो, हेही खरं. वर्धा रोडवरच्या कापूस संशोधन संस्थेचे लोक सांगतात त्याप्रमाणे आम्ही एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावतो. गुलाबी बोंडअळीचे पतंग सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ आले तरच औषध, तुडतुडे पानामागे दोन-तीनच्या वर गेले तरच औषध. त्याच्या आधी पाच टक्के निंबोळी अर्क. निंबोळ्या गावात फुकट आहेत, वेचायला कंटाळा येतो एवढंच.

धुण्याबद्दल कोणत्याच पाकिटावर काही नसतं. ॲप्रनचा मोठा फायदा मला इथे झाला: तो वावरातच पाणी मारून साफ होतो, नाल्यात किंवा विहिरीवर नेत नाही. शर्ट-पँट घरच्या कपड्यांत मिसळत नाही, मोजे घालून वेगळ्या बादलीत दोनदा धुते आणि उन्हात टाकते. किटाचा कोट मात्र धुतला की पापडासारखा होतो आणि शिवणीला सुटतो, म्हणजे तो एका हंगामाचाच धनी. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओततो आणि बाटलीला भोक पाडतो, नाहीतर तिच्यात कोणीतरी रॉकेल नाहीतर तेल भरतो.

तर तारे द्यायचेच असतील तर मी पाचपैकी दोन देते, आणि तेही मोज्यांचे. पऱ्हाटी असेल तर किट घेऊ नका, वस्तू सुट्या घ्या. आधी मोज्यांचे दोन जोड, मग ॲप्रनचं प्लास्टिक, मग पैसे असतील तर डबीवाला मास्क. दुकानात मला सांगितलं होतं की मोजे सुटे येत नाहीत, किटच घ्यावं लागेल. सुटे येतात. हिंगणा रोडला कारखान्यांना सेफ्टीचं सामान पुरवणारी दुकानं आहेत, तिथे रसायनासाठीचे नायट्राइलचे मोजे जोडीने मिळतात. लोकमान्य नगरला मेट्रोतून उतरलं की रिक्षाने जाता येतं. किटात येतात ते 10 नंबरचे, बाईच्या हातात फिरतात आणि बाटली सटकते. 8 नंबर मागा, आणि घेण्याआधी दोन्हीत फुंकर भरून मनगटाशी पिळून बघा, हवा सुटत असेल तर भोक आहे.